सरतूबाईची माणसं

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आम्ही तर ठरवून रक्त गोळा करायला निघालो होतो! गावोगाव फिरलो, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलो. रक्ताच्या नळ्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि किस्से आमच्यापाशी राहिले. आता चहाला बसलं की एक निघतो, त्याला लगटून दुसरा, आणि चहा गार होतो.

रिसर्च पेपरच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो. 'नमुने देणाऱ्या सर्व व्यक्तींचे आम्ही ऋणी आहोत.' एका ओळीत सगळी गावं उरकायची! ते वाक्य लिहिताना मला दरवेळी चुकल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगावं.

आम्ही म्हणजे तिघी. महाजन मॅडम आमच्या गाईड. सकाळची इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय चहाचा घोटही न घेणाऱ्या, आणि एकदा चहा घेतला की दिवसभर न बसणाऱ्या. दुसरी फरहीन, परभणीचीच, माझ्याबरोबर पीएचडीला लागलेली. तिसरी मी, वर्षा, झरीची. परभणीतल्या एका कॉलेजात, मागच्या व्हरांड्याच्या टोकाला आमची लॅब. विषय सर्ट्युइन.

हे सर्ट्युइन म्हणजे आपल्या पेशींमधले एन्झाइम. पेशीला उपास घडला, ताण आला की हे कामाला लागतात, साखर आणि चरबी कशी वापरायची ते बघतात, बिघडलेलं दुरुस्त करायला हातभार लावतात. मधुमेहापासून पार्किन्सनपर्यंत कितीतरी आजारांत त्यांचं नाव येतं. त्यांच्यावर चालणारं औषध करायची धडपड जगभर चालू आहे. आम्ही त्यातला एक लहानसा तुकडा घेतला होता: मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या रक्तात ह्यातलं पहिलं, सर्ट-वन, किती असतं ते बघायचं.

एवढं सांगायला मला आज दोन मिनिटं लागली. आईला सांगायला दोन आठवडे लागले!

०००

पीएचडीला लागले तेव्हा आईनं तुरी निवडता निवडता विचारलं, "काय करायलीस गं तिकडं दिवसभर?"

मी म्हणाले, "सर्ट्युइनवर काम करायलेय."

"बरं बरं," आई म्हणाली. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या आठवड्यात गल्लीत एकीचं डोहाळजेवण होतं. बायकांनी विचारलं, वर्षा काय करती? आई छाती पुढं काढून म्हणाली, "परभणीला सरतूबाईकडं कामाला हाय."

शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "धुणंभांडं का सैपाक?"

मी घरी गेले तेव्हा आई फणफणली होती. "नीट सांग एकदा. कोण ही सरतूबाई?" मग मी तिला बसवून सांगितलं. बाई नाही, एन्झाइम हाय. डोळ्याला न दिसणारं. प्रत्येक पेशीत असतं. आणि माणसात ह्याचे सात प्रकार आहेत.

सात म्हटल्याबरोबर आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि हात जोडले. "साती आसराच की गं! विहिरीवर असतेत त्या. मग जपून ऱ्हा. प्रसन्न झाल्या तर भरभराट, अन् उलट्या फिरल्या तर मग माणसाचं खरं न्हाई."

मी हे हसत हसत मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या, मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, "अगं, बरोबरच आहे. मधुमेहात, हृदयात ही पेशीला सांभाळते. आणि काही कॅन्सरमध्ये हीच गाठीला सांभाळायला लागते! तुझ्या आईला म्हणावं, पुढचा रिव्ह्यू पेपर तुम्हीच लिहा."

त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये सर्ट्युइन कुणी म्हणत नाही. किट आलं की फरहीन ओरडते, "सरतूबाई आल्या!"

०००

पहिलं शिबिर पोखर्णीला. रक्त उपाशीपोटी घ्यायचं होतं, नाहीतर साखरेचा हिशोब चुकतो. मॅडमनी गावातल्या एका गृहस्थांना आदल्या दिवशी फोन करून बजावलं, "सगळ्यांना सांगा, उपाशी या." ते म्हणाले, "काळजीच करू नका, स्पीकरवरून सांगतो."

आम्ही सकाळी पोचलो तर देवळापासून पारापर्यंत रांग! फरहीन आनंदानं वेडी व्हायची बाकी होती. पहिले एक काका बसले. बाही वर केली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, उपाशी आहात ना?"

"हाव. कडक उपास हाय."

"सकाळपासून काही खाल्लं नाही?"

"न्हाई. नुसती खिचडी खाल्ली."

मी सुई खाली ठेवली. "खिचडी?"

"साबुदाण्याची हो! अन्नाचा कण न्हाई घेतला."

मागच्या मावशी म्हणाल्या, "मी तर खिचडीबी न्हाई खाल्ली. भगर अन् शेंगदाण्याची आमटी, बास."

मग कळलं. त्या गृहस्थांनी स्पीकरवरून ठणकावून सांगितलं होतं: 'रक्ततपासणी असल्याने सर्वांनी उद्या उपास धरून यावे!' आणि गावानं तो श्रद्धेनं धरला होता. लहान उपास धरणारे साबुदाणा खाऊन आले होते, मोठा धरणारे शेंगदाण्याचा लाडूही खाऊन आले होते.

फरहीन माझ्या कानात म्हणाली, "शेंगदाण्यात रेस्व्हेरॅट्रॉल असतं. सर्ट्युइनला जागं करतं म्हणून ज्याच्यावर एवढं छापून येतं ना, तेच! आपले लोक नमुना द्यायच्या आधीच ट्रीटमेंट घेऊन आलेत!"

अख्ख्या रांगेत खऱ्या अर्थानं उपाशी एकच माणूस होतं. मॅडम! घाईत निघताना पूजा राहिली होती, त्यामुळे चहासुद्धा नव्हता. काका त्यांच्याकडं बघून हळहळले. म्हणाले, "बाई, आमच्यासाठी तुमी उपाशी आलात? मग तुमचंच घ्या की रक्त!"

दुसऱ्या दिवशी तीच रांग पुन्हा आली. पोटात काहीही न घालता. एकानंही कुरकुर केली नाही. उलट काकांनी देवळाच्या मागं सगळ्यांसाठी पोहे करायला टाकले होते, आणि पहिली प्लेट मॅडमना दिली. मॅडम पूजा करून आल्या होत्या.

०००

आजारी माणसं मिळतात. आम्हाला अडचण आली ती नीट माणसांची!

तुलना करायला मधुमेह नसलेले, साठीच्या पुढचे, धडधाकट लोक हवे होते. पण गावात शिबिर म्हटलं की धडधाकट माणूससुद्धा काहीतरी दुखणं घेऊन येतो. मोकळ्या हातानं कसं यायचं? कुणाचा गुडघा, कुणाची मान, कुणाला 'आतून कसंतरी'.

पोखर्णीलाच एक जोडपं आलं. मावशींना मधुमेह होता, त्यांचं रक्त घेतलं. नवरा बाजूला उभा. ताठ, काटक, पंचाहत्तरीकडं झुकलेला. मॅडमनी साखर बघितली, ब्लडप्रेशर बघितलं, छाती तपासून घेतली आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला काहीच झालेलं नाही. तुमचं रक्त आम्हाला फार उपयोगाचं आहे. तुम्ही आलात, फार उपकार झाले."

बाबांचा चेहरा पडला. "काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"नीट बघितलं ना?"

"नीट बघितलं."

बाबा खुर्चीत बसले, हात पुढं केला. रक्त दिलं. मग हळूच मॅडमना म्हणाले, "आयुष्यात पैल्यांदाच कुणी मला, मी बरा हाय म्हणून धन्यवाद दिले. पण एक मेहेरबानी करा. हे हिला सांगू नका."

मॅडमना कळेना. "का हो?"

"म्हशीचं शेण काढायला लावती!"

मावशी मागंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला आधीच माहीत होतं. म्हणून तर आणलं ह्यांला!"

०००

फरहीनच्या अब्बांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले, पाय अडखळायला लागले, आणि डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. फरहीननं ह्या विषयात पीएचडी का घेतली, ते आम्ही तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मॅडम महिन्यातून एकदा तरी त्यांच्याकडं चक्कर टाकायच्या, आम्हाला घेऊन. अब्बांना चहा सांडू न देता प्यायला यायचा नाही. पहिल्या वेळी कप भरून आला, त्यांच्या शर्टवर सांडला, आणि त्यांनी कप खाली ठेवला. पुढच्या वेळी मॅडम सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्यांचे कप अर्धेच भरून आणले. स्वतःचा, माझा, फरहीनचा, अब्बांचा. सगळे अर्धे.

अब्बांनी चारी कपांकडं बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, मी शुक्रिया म्हणू, की तुम्ही कंजूस आहात असं म्हणू?"

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही म्हणा. मी दुसऱ्यांदा भरून आणते."

त्या घरात अजूनही सगळे अर्धा अर्धा कपच चहा घेतात. दोनदा.

एके दिवशी अब्बांनी विचारलं, "तुमच्या त्या सरतूबाईकडं माझ्यासाठी काही आहे का?" फरहीननं मॅडमकडं बघितलं. मग मॅडमनीच सांगितलं. मधुमेहासाठी एक नंबरची जागी करायचा प्रयत्न चालू आहे. आणि तुमच्या आजारात दोन नंबरची अडवली, झोपवली, तर प्रयोगशाळेत काही ठिकाणी मेंदूच्या पेशी जास्त तगल्या. पण ते प्रयोगशाळेत. माणसासाठी औषध अजून नाही. होईल का, तेही आज सांगता येत नाही. तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्या.

मला वाटलं, अब्बा खचतील. ते लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे एकीला जागं करायचं आणि त्याच वेळी दुसरीला झोपवायचं?"

"साधारण तसंच."

अब्बांनी फरहीनकडं बघितलं आणि आपल्या दखनीत म्हणाले, "मेरे घर में बी दो बेट्यां थीं. कित्ता मुश्किल काम है, मेरेकू मालूम!"

फरहीन हसली आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

०००

मे महिन्यात वादळ झालं. झाडं पडली, तारा तुटल्या, शहराच्या आमच्या बाजूची लाइट गेली. कॉलेजचं जनरेटर सुरू केलं आणि त्यातून धूर निघाला. संपलं!

आमचं सगळं रक्त उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये. दार उघडलं नाही तर काही तास निभावतं, पण बाहेर परभणीचा मे महिना. दुपार झाली तसा आकडा वर सरकायला लागला आणि फ्रीजरचा अलार्म किंचाळायला लागला. मॅडम फोनवर फोन करत होत्या. कुणाकडं जनरेटर होतं तर ते भाड्यानं गेलं होतं. सगळी लग्नात!

लग्नात म्हटल्यावर फरहीन माझा हात धरून निघालीच. जवळच्या मंगल कार्यालयात डीजे धडधडत होता, म्हणजे तिथं जनरेटर होतं. आम्ही पांढरे कोट घातलेल्या दोघी वरातीत घुसलो. लोकांना वाटलं, कुणीतरी चक्कर येऊन पडलं!

नवरीचे वडील फेटा बांधून दारातच उभे होते. फरहीननं एका दमात सांगितलं: रक्त हाय, फ्रीजर हाय, लाइट न्हाई, सगळं नासेल. त्यांनी विचारलं, "कसलं रक्त?"

मी म्हणाले, "गावोगावचं. शुगरच्या अभ्यासासाठी घेतलेलं. पोखर्णीचं, झरीचं..."

"पोखर्णीचं?" त्यांनी फेटा मागं सारला. "खिचडी खाऊन आलो म्हणून ज्यांनी वापस लावलं होतं, त्याच का तुमी?"

"हो..."

"अरे, त्यात माझंबी रक्त हाय की!" ते वळले आणि मंडपवाल्याला ओरडले, "डीजेचं जनरेटर काढ!"

पोरं खवळली. नवरदेव घोड्यावर, नाच रंगात. एक जण म्हणाला, "मामा, मग आमी नाचायचं कशावर?"

"टाळ्यांवर नाचा! माझं रक्त नासायलंय तिकडं!"

डीजेचं जनरेटर टेम्पोवर होतं. तो टेम्पो, रंगीत दिवे लावलेला, तसाच कॉलेजच्या गेटातून आत आला. वायरमननं वायर ओढली, फ्रीजर धरून उभ्या असलेल्या मॅडमना म्हणाला, "सरका बाई," आणि जनरेटर सुरू केलं. आकडा थांबला. मग हळूहळू खाली यायला लागला. मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. घाम होता की आणखी काही, मी बघितलं नाही.

नवरीच्या वडिलांनी निरोप पाठवला, जेवल्याशिवाय जायचं नाही. लाइट आल्यावर टेम्पो परत पाठवला आणि आम्ही तिघी गेलो. नवरीच्या आजीनं आम्हाला स्वतः पाटावर बसवलं, वाढलं. मी म्हणाले, "आजी, आमच्यामुळं तुमच्या लग्नातला डीजे बंद पडला. माफ करा."

आजी वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "लय बरं झालं माय, तुमी आल्या. सकाळपासून कान किटले होते. उद्या धाकट्याचं लग्न हाय. तवा काही बिघडत न्हाई का तुमचं?"

०००

माझे मामा गंगाखेडला दुकान चालवतात. मधुमेह जुना. भाची सरतूबाईवर काम करते ह्याचा सगळ्यात जास्त अभिमान त्यांनाच. आणि ह्या अभिमानानंच घात केला.

मोबाइलवर कुठंतरी त्यांना जाहिरात दिसली. वय थांबवणारी पावडर, सर्ट्युइन वाढवणारी! सर्ट्युइन हा शब्द वाचला आणि मामांना वाटलं, हे आपल्या वर्षाचंच. मागवली. घ्यायला लागले. आणि मला न विचारता, कुणालाच न सांगता, शुगरच्या गोळ्या बंद केल्या.

काही आठवड्यांनी मामीचा फोन आला. मामा सारखे पाणी मागत होते, उलट्या होत होत्या, आता नीट बोलेनात. दवाखान्यात पोचले तेव्हा साखर इतकी चढली होती की डॉक्टर आमच्याकडं न बघता कामालाच लागले. सलाइन, इन्सुलिन. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. मामी माझं मनगट घट्ट धरून होत्या. मॅडम परभणीहून निघून कधी येऊन शेजारी बसल्या, मला कळलंच नाही. दोन दिवस त्या जा-ये करत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मामा उशीला टेकून बसले. मामीनं पिशवीतून ती बाटली काढून मॅडमच्या हातात दिली. मला वाटलं, आता मामांना ऐकून घ्यावं लागणार. मॅडमनी बाटली फिरवून फिरवून वाचली. म्हणाल्या, "भाऊ, ह्यातल्या गोष्टीवर अभ्यास चालू आहे, हे खरं आहे. उंदरांवर काही चांगलं दिसलंय, तेही खरं आहे. माणसाच्या शुगरच्या गोळ्यांच्या जागी हे चालतं, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. तुम्ही उंदीर आहात का?"

मामांनी मामीकडं बघितलं. कोरड्या आवाजात म्हणाले, "घरात तर मला तसंच समजतेत."

मामी हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागल्या आणि मामांच्या पायावर चापटी मारली.

मामा म्हणाले, "रडू नको. म्हातारपण थांबवायला निघालो होतो मी. जरा उशीर झाला असता तर कायमचं थांबलं असतं!"

आता मामा गोळ्या घेतात, सकाळी चालायला जातात. ती रिकामी बाटली त्यांनी दुकानात गल्ल्याशेजारी मांडून ठेवली आहे. असल्या पावडरीचं कुणी नाव काढलं की मामा त्याला बसवतात, चहा सांगतात आणि पहिल्यापासून सगळं सांगतात. उलट्यांसकट! आमच्या लॅबनं एवढी जागृती कधी केली नाही.

०००

अभ्यास संपला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ज्यांनी रक्त दिलं त्यांना आधी सांगायचं. जर्नलला नंतर." सुरुवात झरीपासून. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. आई सगळ्यांत पुढं येऊन बसली.

मॅडमनी सांगायला सुरुवात केली. "खळ्यावर मळणीला बैल असतो. त्याच्या तोंडाला आपण मुसकी बांधतो. तशी पेशीतल्या प्रोटीनला मुसकी बांधलेली असते. सर्ट्युइन ती मुसकी सोडतं. बैल मोकळा. आता तो बांधावरचं गवत खाईल का उभ्या पिकात शिरेल, ते तो कुठं उभा आहे त्यावर. म्हणून ह्याचं औषध करणं सोपं नाही."

माना डोलल्या. मग अवघड भाग आला. मॅडम म्हणाल्या, "मधुमेहवाल्यांत आणि बाकीच्यांत जो फरक दिसेल असं आम्हाला वाटलं होतं, तो स्पष्ट दिसला नाही."

 एक जण म्हणाला, "मग औषध कधी निघंल?"

मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही."

मी खाली बघितलं. एवढ्या लोकांना सुया टोचल्या, पहाटे उठवलं, उपाशी बसवलं, आणि शेवटी हातात काय? माहीत नाही! मागच्या बाजूला कौसाबाई बसल्या होत्या. वाकलेल्या, जुन्या शुगरच्या. त्या म्हणाल्या, "मंग आमचं रक्त वाया गेलं का बाई?"

"नाही मावशी. आम्ही जिथं शोधलं तिथं नाही, एवढं कळलं. दुसरा कुणी शोधेल तो तिथून पुढं सुरुवात करेल. तुमच्यामुळं."

 कौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लोकांमधून वाट काढत पुढं आल्या. मॅडमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कोन्या डॉक्टरनं मला, माहीत न्हाई, असं म्हणलेलं न्हाई. तुमी खरं बोलल्या."

बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केला.

"मागल्या टायमाला उजव्या हाताचं घेतलं व्हतं. आता डाव्याचं घेऊन बघा. त्यात असंल सरतूबाई!"

०००

आणि हा राणीसावरगावचा.

चैत्र संपत आलेला, दुपारची वेळ. चाळिशीचा एक माणूस लॅबच्या दारात उभा होता. चपला व्हरांड्यातच काढून ठेवलेल्या. म्हणाला, "मी माणिक. राणीसावरगावचा. आमच्या आईचं रक्त इथं हाय म्हणले."

आई म्हणजे गयाबाई. शिबिरात आल्या होत्या, मला अंधुक आठवल्या. पोळलेल्या हातांच्या, हसऱ्या. माणिकनं सांगितलं, "थंडीत गेली ती."

मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो बसला नाही. "रक्त घेताना तुमी सांगितलं व्हतं, मनात आलं तर वापस मागता येतं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे."

फरहीननं माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघींना एकच वाटलं. नदीत सोडायला नेणार.

मॅडमनी हातमोजे घातले आणि फ्रीजर उघडला. पांढरी वाफ खाली सांडली. त्यांनी एक खण ओढला, त्यातून नळी काढली. बोटाच्या पेराएवढी. अंगठ्यानं तिच्यावरचं हिव पुसलं आणि त्याच्यासमोर धरली.

माणिकनं हात पुढं केले नाहीत. मागं बांधूनच वाकून बघितलं. "एवढीशीच?"

"एवढीशीच."

"शेजारी कोण हाय हिच्या?"

मॅडमनी खणाकडं बघितलं. "तुमच्याच गावच्या आहेत सगळ्या."

तो हुंकारला. बराच वेळ बघत राहिला. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "नेणार का? मी बर्फात बांधून देते."

"न्हाई न्हाई. न्यायला न्हाई आलो मी." त्यानं नळी परत जागेवर जाईपर्यंत नजर हलवली नाही. मग विचारलं, "किती थंड हाय ह्यात?"

"बर्फापेक्षाही पुष्कळ थंड."

त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. कॉलेजच्या मैदानावर ऊन नुसतं पांढरं पडलं होतं.

"आईला ऊन सोसायचं न्हाई," तो म्हणाला. "उन्हाळाभर डोक्यावर ओला फडका घेऊन बसायची."

मग तोच पुढं झाला आणि फ्रीजरचं दार लावलं. आवाज होऊ न देता.